उद्याच्या दाढीचं ब्लेड

ब्लेड केसांनी खराब होत नाही, पाण्याने होतं. हे माझं म्हणणं नाही, आमच्या बाबांचं. जन्मभर लेथवर उभं राहून लोखंड कातलेला माणूस. त्यांच्यापुढे आपण काय तोंड उघडणार? दाढी झाली की रेझरचा दांडा फिरवून सैल करायचा. वरचं झाकण, खालची दातेरी पट्टी आणि मधलं ब्लेड सुटं करायचं, वाहत्या पाण्याखाली धरायचं, साबणाचा कण राहता कामा नये. मग ब्लेड झटकायचं. पुसायचं नाही! टॉवेलने ब्लेड पुसणाऱ्याला बाबा दारात उभं करणार नाहीत. झटकून झालं की स्पिरिटच्या वाटीत बुडवायचं, बाहेर काढून साबणदाणीच्या काठाला तिरकं टेकवायचं आणि खडखडीत सुकल्यावर मगच परत रेझरमध्ये घालायचं. एवढी उस्तवार एका ब्लेडची. आम्हा भावंडांचे एवढे लाड झाल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षापासून बाबांचे हात थरथरतात. कप उचलला तर अर्धा चहा बशीत. एके दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले ते गालाला टॉवेल दाबून, आणि टॉवेल लाल झालेला. रेझर माझ्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून त्यांची दाढी मी करतो. अटी मात्र घातल्या. हात त्यांच्या डोळ्यांदेखत कोपरापर्यंत धुवायचे. हा रेझर घराबाहेर न्यायचा नाही, आणि ‘तिथलं’ काहीही घरात आणायचं नाही.

‘तिथलं’ म्हणजे माझ्या कामावरचं. कामाचं नाव बाबांनी कधी तोंडाने घेतलं नाही. कुणी विचारलं तर ‘हॉस्पिटलात आहे’ म्हणतात आणि विषय बदलतात.

मी हॉस्पिटलच्या शवागारात आहे. तळघरात, मागच्या फाटकाकडून रस्ता. माणूस आमच्याकडे आला की त्याला धुवायचं, पुसायचं, केस विंचरायचे आणि त्याच्या माणसांना बघवेल असा करून द्यायचा. पुरुष असला तर दाढी आलीच. मेल्यावर दाढी वाढते म्हणतात ते झूट आहे. कातडी आत ओढली जाते म्हणून खुंट वर दिसतात, एवढंच. पण घरच्यांना ते बघवत नाही. मग आम्ही दाढी करतो. रेझर तसलाच, बाबांच्यासारखा. ब्लेड मात्र प्रत्येकाला नवं, आणि काम झालं की थेट जाड प्लास्टिकच्या डब्यात. धुणं नाही, झटकणं नाही, स्पिरिट नाही.

आमच्याकडे मास्तर म्हणून एक आहेत. शाळेशी काडीचा संबंध नाही, चष्म्यामुळे नाव पडलं. मी नवा होतो तेव्हा सवयीने ब्लेड नळाखाली धरलं, तर मास्तर मागून म्हणाले, “अरे शहाण्या, धुतोस कुणासाठी? याला काय उद्या परत दाढी करायचीय?” बाकीचे हसले. मीही हसलो असेन.

शेवटचं काम मास्तरांनीच शिकवलं. ओल्या फडक्याने चेहरा पुसायचा. मग उजवा तळहात कपाळावरून खाली आणून पापण्या मिटवायच्या, डावा हात हनुवटीखाली लावून तोंड मिटवायचं, आणि जरा वेळ तसंच धरून ठेवायचं. घाई केली की परत उघडतं. सुरुवातीला मी मनात काहीबाही म्हणायचो त्या वेळी. आता हातच सगळं करतात. मी नुसता त्यांच्यामागे उभा असतो.

लोक विचारतात, भीती नाही वाटत? नाही वाटत. वाईट वाटतं का? तेही नाही. बरं, आनंद? अहो कसला डोंबलाचा आनंद! काहीच वाटत नाही, खरं सांगतो. चहा गरम होता की गार हे मला कप ठेवल्यावर आठवत नाही. लग्न झालं होतं माझं. बायको म्हणाली, “तुमच्यापेक्षा भिंत बरी, तिला निदान रंग तरी देता येतो,” आणि माहेरी गेली ती गेलीच. तेव्हाही मी नेहमीसारखा कामावर गेलो होतो.

पण बाबांची दाढी करताना एक व्हायचं. दिवसभरात माझ्या हाताला लागणारा ऊब असलेला चेहरा एकच, तो बाबांचा. गालाची कातडी बोटाने ताणली की खालून ती ऊब लागायची आणि जरा कुठे आपण आहोत असं वाटायचं. तेवढं पुरे होतं मला. त्याच्यावर माझा दिवस निघायचा.

आणि चिऊला नेमके बाबाच हवे होते. चिऊ म्हणजे माझी धाकटी बहीण. आता दारातून आत आली की दार भरून जातं, पण नाव चिऊच. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस आपल्या शेजारच्या सीटवर बसून चुका करतोय असं तिला वाटतं. तिचा फोन आला. “दादा, रविवारी येतेय. बाबांना घेऊन जाणार आहे. थोडे दिवस नाही, कायमचे.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारलं. बघू म्हणाले.”

आमच्या बाबांचं ‘बघू’ म्हणजे कशाचाच पत्ता लागत नाही. हो असेल तरी बघू, नाही असेल तरी बघू. फोन ठेवला आणि बाबांकडे बघितलं. ते खिडकीशी बसले होते. मला विचारायचं होतं, बाबा, जाणार का? विचारलं नाही. पाणी जास्त गरम आहे का, एवढंच विचारलं. ते नाही म्हणाले. मला बाबा हवे होते, इथे, याच घरात. पण हे वाक्य तोंडातून बाहेर काढायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात उन्हाने कहर केला होता. म्हातारी माणसं पटापट जात होती आणि आमच्याकडे ठेवायला जागा नव्हती. मास्तर आणि मी एकाचं झालं की दुसरा घेत होतो. फडकं, तळहात, हनुवटी, ब्लेड डब्यात. फडकं, तळहात, हनुवटी, ब्लेड डब्यात. जेवायला बसलो तरी बोटं तशीच वाकलेली राहायची.

रविवारी चिऊ आली ती वादळासारखी. एका हातात रिकामी बॅग, दुसऱ्या हातात खोकं. “बाबा, हे बघा काय आणलंय! दाढीचं मशीन. चार्जिंगला लावायचं, गालावरून फिरवायचं, झालं. ब्लेड नाही, पाणी नाही, स्पिरिटचा वास नाही. सुटलात कटकटीतून.”

बाबांनी मशीन घेतलं आणि उलटं करून त्याचे स्क्रू बघितले. “उघडतं का हे?”

“उघडायचं कशाला?”

“मग आत काय साठलंय ते कळणार कसं?” बाबा म्हणाले आणि मशीन परत खोक्यात ठेवून दिलं.

मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते वेगळं सांगायला नको.

चिऊने मला स्वयंपाकघरात ओढलं. “दादा, तू रागावू नकोस. तू त्यांचं सगळं करतोस, मला माहीत आहे. पण शेजारच्या काकू सांगत होत्या, तू गेलास की ते त्या खिडकीत बसतात आणि तू आल्यावरच उठतात. तुम्ही दोघं काही बोलता तरी का घरात?”

“बोलतो की.”

“काय बोलता?”

मी आठवून बघितलं. “पाणी जास्त गरम आहे का, ते विचारतो.”

“आणि ते?”

“नाही म्हणतात.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. “धन्य आहे तुमची! माझ्याकडे निदान पोरं आहेत, आरडाओरडा आहे. त्यांच्या कानावर काहीतरी पडेल तरी. तुला नकोत का ते बरे व्हायला?”

ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. मी गॅसवर पाणी चढवलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबा खुर्चीत जाऊन बसले होते. टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली घेतलेली. “आधी दाढी,” ते म्हणाले. “मग काय ते बोलू.”

मी त्यांच्यासमोर कोपरापर्यंत हात धुतले. ब्लेड आदल्या दिवशीच नवं घातलेलं होतं. साबणाचा फेस केला, ब्रशने लावला. चिऊ पलंगावर बसून बाबांचे सदरे घडी करून बॅगेत भरत होती आणि बोलत होती. कुठल्याशा बाईला ती शिकवते, ती बाई वळण आलं की डोळेच मिटते म्हणे. “म्हटलं, अहो बाई, डोळे मिटून वळण टळत नाही, समोरची माणसं तेवढी पळतात!” बाबा हसल्यासारखे झाले आणि त्यांची मान मागे गेली. उकाड्याने रात्रभर झोप नव्हती त्यांना. डोळे अर्धवट उघडे, तोंड जरासं उघडं, डुलकी लागली असावी.

मी उजवा गाल केला. डावा केला. गळा खालून वर केला. चिऊचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. वरच्या ओठावरचा शेवटचा हात फिरवला, रेझर ठेवला, ओल्या फडक्याने चेहरा पुसला. मग माझा उजवा तळहात बाबांच्या कपाळावरून खाली आला आणि दोन्ही पापण्या मिटवून तिथेच राहिला. डावा हात हनुवटीखाली गेला. तोंड मिटवलं. जरा वेळ धरून ठेवलं. मग रेझर उघडून ब्लेड काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

चिऊचं बोलणं बंद झालं होतं.

“दादा,” ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. “काय केलंस तू हे?”

मला आधी ब्लेडच आठवलं. देवाशपथ. म्हटलं, अरे, नवं ब्लेड टाकलं आपण, बाबा आता भडकणार. मी डब्यावर वाकलोसुद्धा. मग चिऊकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती, हातातला सदरा खाली पडला होता. ती बघत होती तिकडे मी बघितलं.

बाबा मी ठेवले होते तसेच होते. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, चेहरा स्वच्छ. असे चेहरे मी रोज बघतो. मला पटकन कळेना. मी, ज्याला हेच एक कळतं, त्याला कळेना. मी हात पालथा करून त्यांच्या गालाला लावला. ऊब होती.

“बाबा,” मी म्हटलं.

“ऐकतोय,” बाबा म्हणाले. डोळे उघडले नाहीत.

मग चिऊचा बांध फुटला. “रोज हेच करतोस का रे? माझे बाबा जिवंत आहेत! त्यांना तू त्या... त्या लोकांसारखं...” पडलेला सदरा तिने उचलला आणि बोळा करून बॅगेत कोंबला. “झालं. आता विचारायचं नाही कुणाला. मी त्यांना नेतेय.”

“आजच झालं,” मी म्हटलं. “चुकून.”

“चुकून! चहात मीठ पडतं चुकून!”

तिचं बरोबर होतं. मी तिथेच उभा राहिलो, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्या हातांकडेच बघितलं.

“तिथे असं करतोस?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“हो.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“ज्यांना न्यायला कुणी येत नाही त्यांना?”

“त्यांनाही करतो.”

“चांगलं करतोस,” ते म्हणाले. मग चिऊकडे वळले. “मी येतो तुझ्याकडे.”

“बाबा, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“तुझं चुकलं म्हणून जात नाहीये मी.” ते खुर्चीत सरळ बसले. “तू हात ठेवलास ना, तेव्हा मी जागा होतो. तुला सांगायला हवं होतं, अरे मी जागा आहे. पण इतकं बरं वाटलं मला! काही करायला नको, काही बोलायला नको. ही ओरडली नसती तर मी डोळे उघडलेच नसते बघ. आता असं वाटायला लागलं म्हणजे इथून हलायला हवं. आपण दोघं गप्प बसून बसून गार पडत चाललोय. तुला ते कळत नाही, कारण तुला सवय आहे.”

मी ऐकत होतो. नेहमीचा मी असतो तर ‘बरं’ म्हणालो असतो आणि बॅग खाली नेऊन गाडीत ठेवली असती. ‘बरं’ जिभेवर आलंही होतं.

“जाऊ नका,” मी म्हटलं.

“काय?”

“जाऊ नका, बाबा. मला तुमची दाढी करायची असते.” काय बोललो हे! पन्नाशीला आलेला घोडा. पण दुसरं काही बाहेर येईना. “तुमचा गाल गरम असतो. तिथे कुणाचाच नसतो. तुम्ही गेलात तर मला काहीच उरत नाही.”

चिऊने बॅगेची चेन अर्धवट सोडली. बाबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग खुर्चीच्या हातांना धरून उठले, टॉवेल काढला आणि खुर्चीवर थाप मारली.

“बस इथे.”

“बाबा, तुमचे हात...” चिऊ म्हणाली.

“माझे हात मला माहीत आहेत. तू बोलू नकोस. इतक्या लोकांच्या दाढ्या करतो हा, याची कधी कुणी केलीय का?”

मी बसलो. बाबांनी पाकिटातून नवं ब्लेड काढलं. कागद सुटेना. सुटला तर ब्लेड पट्टीवर बसेना, घसरून वाटीत पडलं, परत उचललं. चिऊ दोनदा पुढे झाली आणि दोनदा मागे सरली. फेस माझ्या गालाला लागला तितकाच कानाला लागला. मग त्यांनी माझी हनुवटी धरून मान मागे केली. त्यांची बोटं माझ्या गालावर नाचत होती. किती वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता. मी डोळे मिटायला लागलो तसे ते खेकसले, “उघडे ठेव!”

मी उघडे ठेवले.

रेझर गालावर टेकला, थरथरला, उचलला, परत टेकला. दोन-तीन हात नीट फिरले. चौथा जबड्याच्या वळणावर घसरला.

“बाबा, रक्त!” चिऊ ओरडली.

“दिसतंय मला,” बाबा म्हणाले. त्यांनी कापूस स्पिरिटच्या वाटीत बुडवला आणि तसाच निथळता माझ्या जखमेवर दाबला.

“आई गं!” मी खुर्चीतून उडालोच. असं झोंबलं, असं झोंबलं म्हणून सांगू! जबड्यापासून थेट कानापर्यंत आग. मेलेल्या माणसांच्या तर मी रोज दाढ्या करतो, त्यातलं कुणी कधी ओरडलं नव्हतं.

“झोंबलं?”

“हो!”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. कापूस त्यांनी माझ्या हातात दिला आणि नळाकडे गेले. दांडा सैल केला. झाकण, पट्टी, ब्लेड सुटं केलं. पाण्याखाली धरलं, झटकलं, स्पिरिटमध्ये बुडवलं. सगळं थरथरत, सगळं नीट. वेळ लागला तर लागला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “हे तुझं ब्लेड. सुकलं की पाकिटात घाल आणि पुढच्या रविवारी चिऊकडे घेऊन ये. अर्धी दाढी राहिलीय तुझी.”

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो होतो. कापूस दाबून धरला होता. आग कमी होईल असं वाटत होतं, ती होत नव्हती. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी वाटलं, स्पिरिटमुळे. मग छातीतून काहीतरी वर आलं आणि मी रडायला लागलो, मोठ्याने, वेड्यासारखा, बायको गेली तेव्हाचं आणि सगळ्याचं. थांबवता येईना. बॅग हातात घेऊन दारात उभी राहिलेली चिऊ घाबरून बाबांकडे बघायला लागली.

“बॅग ठेव खाली, चिऊ,” बाबा म्हणाले. “रडू दे त्याला. मग निघू.”